मीठ कमी, आयुष्याची हमी

बसा, चहा येतोय. साखर किती ते तुम्हीच सांगा. कोणाच्या कपात आणि कोणाच्या ताटात काय किती पडावं, यात मी आता तोंड घालत नाही. का घालत नाही? तोच तर किस्सा आहे! अहो, चुका सगळेच करतात. पण माणसं त्या घरात करतात, दार लावून. मी माझी घोडचूक पेंटर बोलावून, बोर्डावर रंगवून, हैदराबाद हायवेवर टांगली होती!

पांढरकवड्यातलं आमचं भोजनालय तुम्हाला ठाऊक आहेच. ट्रकवाले, एसटीचे लोक, तहसीलच्या कामाला आलेले खेड्यातले, सगळे इथंच जेवतात. स्वयंपाकघर मंदाकडे, म्हणजे आमच्या बायकोकडे. माझ्याकडे गल्ला आणि गप्पा. आणि कोपऱ्यातलं खिडकीजवळचं टेबल दादाचं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. उभी हयात ट्रक चालवला त्यानं. वहिनी गेली, मूलबाळ नाही, मागच्या गल्लीतल्या खोलीत एकटा राहायचा आणि दोन्ही वेळ जेवायला माझ्याकडे यायचा. आमचा बाप मी लहान असतानाच गेला. मला चड्डीची नाडी बांधायला शिकवली ती दादानं, शाळेत घातलं दादानं, लग्न लावलं दादानं. त्याच्यासमोर मी कधी खुर्चीला पाठ टेकून बसलो नाही. मग त्याला उलटून बोलणं तर लांबच!

या दादाला दोन गोष्टी जिवाच्या. एक मीठ आणि दुसरं खरं बोलणं. दोन्ही तो वरून घ्यायचा. ताट समोर आलं की घास घ्यायच्या आधी मीठदाणी उलटी.

"दादा, चाखून तं पाहा आधी," मंदा आतून ओरडायची.

"चाखाचं काय त्यात? जिंदगीभर केबिनीत घाम गाळला. घामाले मीठ लागते, पोरी."

आणि खरं बोलण्याचं काय सांगू? आमची मधली बहीण बेबीताई, तिला उमरखेडला दिली. तिच्या पोरीचं लग्न. पंगत बसली, व्याह्यांची सगळी मोठी माणसं ओळीनं पाटावर, बेबीताई स्वतः पदर खोचून आग्रह करत फिरतेय. आणि आमच्या दादानं वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि ट्रकच्या हॉर्नसारख्या आवाजात जाहीर केलं, "बेबी, भाजीत मीठच नाही व!"

अख्ख्या पंगतीचा हात थांबला. नवरदेवाच्या काकानं ताट पुढे सरकवलं. त्यानंतर काय काय झालं ते सोडा, पण बेबीताईनं दादाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. आणि त्याची बाजू घेतली म्हणून माझ्याशीही. राखी नाही, भाऊबीज नाही. दादा म्हणायचा, "मीठ नव्हतं तं नव्हतं, खोटं काहून बोलू?" पण भाऊबीजेला तो इस्त्रीचा शर्ट घालून संध्याकाळपर्यंत त्या खिडकीत बसून असायचा. आम्ही कोणी काही विचारायचो नाही.

तर झालं असं, की एक दिवस हात धुता धुता दादाला चक्कर आली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बीपी फार वाढलंय. वरून मीठ बंद. लोणचं, पापड, ठेचा बंद. भावाला नीट समजावून सांगा."

भावाला सांगा! यांना काय जातं सांगायला! दादाला त्यांनी स्वतःही सांगितलं होतं. दादा "हो हो साहेब" म्हणाला आणि परत येताना गाडीवर थांबून मिरचीची भजी खाल्ली. वरून मीठ भुरभुरून.

मी भ्यालो हो. खरं सांगतो, फार भ्यालो. बापाचा चेहरा मला आठवत नाही, बाप म्हटलं की दादाच डोळ्यांसमोर येतो. केस पिकायच्या वयात माणूस पोरका होऊ शकतो का? मला वाटत होतं, होऊ शकतो. पण "दादा, मीठ सोड, मला तू पाहिजे," हे एवढं वाक्य काही माझ्या तोंडातून निघेना. आमच्या घरात असं कोणी बोलतच नाही. आम्ही फार तर "जेवला काय?" असं विचारतो.

तेवढ्यात मोबाईलवर एक व्हिडिओ आला. परदेशात म्हणे हॉटेलच्या मेनूवर जास्त मिठाच्या पदार्थापुढे त्रिकोण छापतात, आत मीठदाणीचं चित्र. खाणारा चित्र बघतो, सावध होतो आणि दुसरं काही मागवतो. वा! म्हटलं, हेच पाहिजे. मला तोंड उघडायची गरजच नाही. बोर्ड बोलेल आणि दादा समजेल.

एका माणसाला एक वाक्य सांगता येत नव्हतं, म्हणून मी सगळ्या हायवेला सांगायला निघालो. बघा म्हणजे!

पेंटर इस्माईलभाईंना बोलावलं. म्हटलं, ठेचा, शेवभाजी, तळलेली मिरची, पापड, लोणचं, या प्रत्येकापुढे लाल त्रिकोण काढा, आत मीठदाणी. आता इस्माईलभाईंचं सारं आयुष्य सरकारी भिंती रंगवण्यात गेलेलं. लाल त्रिकोण म्हटल्यावर त्यांचा हात जो वळायचा तोच वळला. त्रिकोण निघाला उलटा, टोक खाली! कुटुंब नियोजनाचा असतो ना, अगदी तस्सा. आतली मीठदाणी म्हणजे तर... जाऊ द्या, बायाबापड्या बसल्या आहेत.

पहिलंच गिऱ्हाईक एक म्हातारे शेतकरी. बराच वेळ बोर्डाकडे पाहिलं आणि हळूच गल्ल्याशी येऊन म्हणाले, "काय गा सुधाकरभाऊ, शेवभाजी खाल्ल्यानं पोट्टे होत नाही काय?"

मी कपाळावर हात मारला. पण ते परवडले. ट्रकवाल्यांनी निराळाच अर्थ काढला. ज्याच्यापुढे लाल निशाणी ते स्पेशल! एक सरदारजी आत आले, टेबलावर थाप मारली, "भाऊ, तिकोनवाला क्या-क्या है? सब लगा दो!" दुपार व्हायच्या आत ठेचा संपला, शेवभाजीचं भांडं पुसून निघालं. दुधीच्या भाजीला आणि मुगाच्या वरणाला बिचाऱ्यांना कोणी विचारेना. "बिगर निशानीचं म्हंजे पेशंटचं जेवन," असं एकानं दुसऱ्याला सांगताना मी या कानांनी ऐकलं.

आणि दादा? दादानं चष्मा लावून अख्खा बोर्ड वाचला. मी गल्ल्यामागून पाहत उभा.

"सुध्या, हे बेस केलं तू. निवडाले सोपं जाते." मग मंदाला हाक मारून, "एक ठेचा आन, एक शेवभाजी आन, अन् तयलेली मिरची. तिकोनातलं राह्यलं तं नाही ना काही?"

आता शहाणा माणूस इथं थांबला असता. मी थांबलो? छे! मी पत्रकं छापली. हातभर कागदाची नाही, छोटीशीच, लाल अक्षरात, आणि वर माझी स्वतःची काव्यरचना: "मीठ कमी, आयुष्याची हमी!" दोन दिवस तर मी ती ओळ आल्या-गेल्याला चालीवर म्हणून दाखवत होतो. लोकांनी पत्रकाला हात पुसले, कोणी दात कोरले. एका बाईनं नाकाला लावलं, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

एकटा दादा मात्र रोज मागून न्यायचा. "दे रे एक कागद." नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचा. माझी छाती भरून यायची. म्हटलं, कोणी नाही तर नाही, ज्याच्यासाठी छापलं तो तर वाचतोय!

पण ताटातला ठेचा काही सुटेना. मग मी शेवटचा उपाय काढला. मंदाला फर्मान दिलं, उद्यापासून कुठल्याच पदार्थात मीठ घालायचं नाही, ठेच्यातसुद्धा. ज्याला पाहिजे त्यानं टेबलावरच्या मीठदाणीतून घ्यावं. आणि दादाच्या टेबलावर मीठदाणीच ठेवायची नाही.

मंदा कणीक मळत होती. परात आपटली तिनं.

"अहो, हे हाटेल हाय का दवाखाना?"

"लोकाइच्या भल्यासाठीच हाय ना."

"मंग पह्यले तुमी खाऊन दाखवा लोकाइले."

"मी कायले खाऊ? मले कुठं बीपी हाय?"

खरंच आहे ना! माझं जेवण वर, घरात. ते मंदा वेगळं करायची, लोणच्याच्या फोडीसकट. औषध ज्याचं त्यानं घ्यावं, दुकानदारानं कशाला प्यावं?

पहिल्या दिवशी दादासमोर ताट गेलं तेव्हा मी गल्ल्यातली चिल्लर मोजत होतो. त्यानं टेबलावर हातानं मीठदाणी चाचपली, नव्हती. एक घास घेतला. थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागलो. एकादशी कधी आहे ते मला एकदम बघायचंच होतं.

"कसं झालं, दादा?" मी कॅलेंडरलाच विचारलं.

पाण्याचा पेला टेबलावर टेकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मस्त."

मस्त! भर पंगतीत ओरडणारा हा माणूस, अळणी ठेच्याला मस्त म्हणतो! मला तर गल्ल्यावर चढून नाचावंसं वाटलं. त्या दिवसापासून रोज तेच. "कसं झालं?" "मस्त." फक्त बसायची बाजू तेवढी बदलली त्यानं, माझ्याकडे पाठ करून बसायला लागला. म्हणे उजेड डोळ्यात जातो. जेवता जेवता मधेच हात खिशाकडे जायचा. खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी चाचपत असेल, म्हणून मी काणाडोळा केला. एकाच माणसाच्या सगळ्या सवयी एकदम कशा सोडवणार? मी सगळ्यांना सांगत सुटलो, "जीभ वळते हो माणसाची! आमच्या दादाची वळली!"

याच सुमारास दुसऱ्या टेबलांवरच्या मीठदाण्या भराभर रिकाम्या व्हायला लागल्या. मी ट्रकवाल्यांवर संशय घेतला. मीठदाण्या सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधल्या. हसा, हसा. तेव्हा मंदाही हसली होती.

मग आला मे महिना. पांढरकवड्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. दर उन्हाळ्यात मी डोक्याचा गोटा करून टाकतो, तसा त्याही वर्षी केला. दादा दोन दिवसांसाठी वणीला गेला होता, जुन्या ट्रकवाल्या दोस्ताकडे. त्याचं टेबल रिकामं. आणि त्याच दिवशी मंदाचा संयम सुटला. "मीठ नाही तं फोडनी तरी कायले पाह्यजे?" म्हणाली आणि तेव्हापासून पांढरंफटक वरण तसंच बाहेर पाठवू लागली.

आता आपल्याकडे बिनफोडणीचं, बिनमिठाचं अन्न कधी शिजतं? सुतकात! घरचं माणूस गेलं की. हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. पण बेबीताईच्या उमरखेडच्या गाडीचे कंडक्टर वानखडे जेवायला बसले होते, त्यांच्या आलं. त्यांनी वरण चाखलं. माझ्या गोट्याकडे पाहिलं. दादाच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. बाप तर आमचा कधीच गेलेला, मग धाकट्यानं डोकं कोणासाठी भादरलं? त्यांनी हिशेब जुळवला. ताटावरून उठले, गल्ल्याशी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"धीर धरा, सुधाकरभाऊ."

मला वाटलं, जेवण आवडलं नाही वाटतं. म्हटलं, "धीर तं तुमीच धरा, वानखडेभाऊ. कराच लागते हे कधी ना कधी."

ते डोळे पुसत गाडीवर गेले. आणि संध्याकाळी, इतक्या वर्षांनी, माझ्या फोनवर बेबीताईचं नाव आलं!

"सुध्या, खरं हाय काय रे?" आवाज घोगरा.

मला वाटलं, वानखड्यांनी आमच्या अळणी जेवणाची बातमी तिथवर पोचवली. म्हटलं, "खरं हाय, ताई. लपवाचं काय त्याच्यात?"

"अन् मले सांगतलंसुदिक नाही तू!"

"तू तं बोलतच नव्हती आमच्यासंगं. अन् डॉक्टरनं तं कधीचंच सांगून ठेवलं होतं. आज ना उद्या हे होनारच होतं."

तिकडून हुंदका. मी आपला चकित. जेवणाचं एवढं काय मनाला लावून घेतेय ही?

"लय तरास झाला काय रे?"

"पह्यल्या दिवशी झाला थोडा. मंग सारं शांत झालं."

"पाशी कोन होतं?"

"मंदा होती ना! सारं तिच्याच हातानं झालं."

आता तर हंबरडाच फुटला.

"ताई, रडतं कायले? लोकाइच्या भल्याचंच हाय. आस्ते आस्ते तुले बी सवय होईन!"

फोन कट. मी मंदाला म्हटलं, "ताई फार हळवी झाली व आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी, हॉटेल खच्चून भरलेलं असताना दारात जीप थांबली. आतून बेबीताई उतरली, तिचा जावई उतरला, शेजारच्या चार बाया उतरल्या आणि रस्त्यावरच रडारड सुरू झाली. ट्रकवाले ताटं हातात घेऊन उभे राहिले. बेबीताई आत आली ती थेट माझ्या गळ्यात पडली. "कुठं नेलं रे माह्या दादाले! तोंडसुदिक पाहू देल्लं नाही रे मले!"

दादा त्याच सकाळी वणीहून परतला होता आणि कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून, जेवत बसला होता. तो वळला. तोंडात घास तसाच.

"कोन गेलं व, बेबी?"

अहो, बायांची रडारड दारातच थबकली! बेबीताईनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं. मग तरातरा गेली आणि त्याच्या पाठीत धपाधप बुक्के घालायला लागली.

"मेला नाही तं सांगता येत नाही तुले?"

"मले कोनी इचारलंच नाही व!"

आणि मग दोघं एकमेकांना धरून रडली. म्हातारी माणसं, भर हॉटेलात, ताटावर. त्या तिकोनवाल्या सरदारजींनीसुद्धा पगडीच्या टोकानं डोळे टिपले.

मग सगळ्यांना जेवायला वाढलं. बेबीताईनं पहिला घास घेतला आणि अगदी दादाच्याच आवाजात ओरडली, "सुध्या, मीठच नाही बे याच्यात!"

अख्खं हॉटेल हसलं. हसला नाही एकटा दादा. ताटात पाहत हळूच म्हणाला, "मस्त हाय. जेव."

तेव्हा मला वाटलं, बघा, किती चव बदलली याची. मी त्या वाक्याचा असाच अर्थ लावला होता.

त्या वर्षी राखी आली. बेबीताई स्वतः आली बांधायला. दादा येईल त्याला सांगायचा, "माही मयत मी सवता पाह्यली बापा. गर्दी बेस होती." एवढा आनंदी मी त्याला वहिनी गेल्यापासून पाहिला नव्हता. आणि मी? मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. बीपी आटोक्यात, बहीण घरात, सगळं माझ्या त्रिकोणामुळे!

पोळ्यानंतरची एक सकाळ. दादा चहाला आला नाही. मी खोलीवर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. कुशीवर झोपला होता, हात उशाखाली. मी दारातूनच हाक मारली, मग जवळ जाऊन मारली. मग खाली बसलो, त्याच्या खाटेच्या पायाशी, आणि बराच वेळ उठलोच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं. मी विचारलं, मिठानं? ते म्हणाले, "आता कसं सांगणार?"

बेबीताईला फोन लावला. "ताई, दादा गेला."

ती हसली हो! खळखळून हसली. "आज कोन्ती भाजी बिनमिठाची झाली रे?" मग तिकडे कोणाला तरी ओरडून म्हणाली, "आइका व, दादा पुन्हा मेला म्हन्ते हा!"

ती हसत होती आणि मी फोन कानाला लावून उभा होतो. तिला थांबवायला दोन शब्द पुरले असते, तेही मला जमले नाहीत. मग तिचं हसणं आपोआपच बारीक होत गेलं.

"सुध्या? ... सुध्या, बोल ना बे."

तिच्यासाठी थांबलो. ती आली तेव्हा जीपमधून उतरताना रडत नव्हती. आत जाऊन तोंडावरचं कापड सरकवलं आणि बघतच राहिली. गावातले लोकही दारात येऊन आधी आत डोकावायचे आणि मगच हात जोडायचे. वानखडे तर भिंतीला टेकून उभेच राहिले, पुढे यायची हिंमत होईना त्यांची. त्यांचा काय दोष? सगळी माझी करणी. या खेपेला न्हाव्यानं माझं डोकं भादरलं ते उन्हासाठी नव्हतं.

हॉटेल बंद होतं. सुतकाचा स्वयंपाक मंदानं घरात केला, वरणभात, ना फोडणी, ना मीठ. आम्ही तिघंच खाली बसलो, मंदा, मी आणि ताई. ताईनं दादाच्या खोलीतले शर्ट धुवायला म्हणून खुंटीवरून काढून आणले होते. पानावर बसायच्या आधी ती त्यांचे खिसे चाचपत होती. एका खिशातून पुडी निघाली. दुसऱ्यातून पुडी निघाली.

"खर्रा असंन," मी म्हटलं. "फेकून दे."

तिनं एक उघडली. आत मीठ होतं.

आणि कागद? कागद माझा! लाल अक्षरं, माझी काव्यरचना. मीठ कमी, आयुष्याची हमी. माझ्याच टेबलावरच्या, सुतळीनं बांधलेल्या मीठदाण्यांमधलं मीठ, माझ्याच पत्रकात बांधून, माझ्याकडे पाठ करून तो रोज खात होता. आणि ज्यांना बीपी नाही, काही नाही असे निम्मे हायवेवाले मी उगाच अळणी खायला घातले होते!

ताईनं पुडी ताटाशी ठेवली. मग म्हणाली, "माह्या पंगतीत तं एका घासात वरडला. अन् तुह्यापाशी इतले महिने चूप बसला."

"काहून पन? मले बोलला असता तं काय झालं असतं?"

"एकदा बोलून बहीन गमावली होती त्यानं," ताई म्हणाली. "भाऊ गमवाचा नव्हता त्याले."

मीठ सोड, हे मी त्याला तोंडावर सांगितलं नाही, आणि मीठ घाल, हे त्यानं मला. दोघं एका आईचे, दुसरं काय!

ताईनं पुडीतलं चिमूटभर मीठ तिच्या वरणावर टाकलं, मग मंदाच्या.

"ताई, सुतकात मीठ चालते काय?" मंदानं घाबरत विचारलं.

"दादानं देल्लं हाय. चालते."

माझ्याकडे चिमूट आली तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला. कुठल्या तोंडानं घेणार होतो? म्हटलं, मी तसंच खातो. आणि घास घेतला. अहो, गिळवेना. नुसता चिखल तोंडात घोळतोय असं झालं. पाण्याबरोबर कसाबसा खाली ढकलला.

"मंदा," मी म्हटलं, "आज असं काहून झालं हे वरन?"

मंदा माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता.

"असं म्हंजे? तेच तं हाय हे. तुमी रोज दादाले वाढत होते, तेच."

मग मीही ताट पुढे केलं.